उठायचं नाही

झाडीपट्टीच्या स्टेजवर मी किती वेळा मेले, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. विष पिऊन मेले, टीबीनं मेले, सासूनं रॉकेल ओतलं म्हणून मेले, आणि नवऱ्याच्या हातून तर इतक्यांदा मेले की नवऱ्याचं काम करणारे नट म्हातारे होऊन घरी बसले, मी आपली मरतेच आहे. स्टेजवरचं मरण एका दमात होतं. पडायचं, तडफडायचं, दोन वाक्यं बोलायची, की पडदा. पिक्चरमध्ये मात्र बाईला तुकड्यातुकड्यानं मारतात. आज हात, उद्या पाय, परवा नुसता डोळा. हे मला तेव्हा कळलं, जेव्हा साकोलीच्या पलीकडे, एका बंद पडलेल्या राईस मिलमध्ये नागपूरचा एक पोरगा पिक्चर काढायला आला.

पोरगा म्हणते मी, पण तिशी ओलांडलेला होता. दाढी, चष्मा, भर उन्हाळ्यात पायात बूट. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा भरते, तेव्हा आमची नाटकं असतात. त्यातलं एक त्यानं पाहिलं होतं, आणि माझं घर शोधत साकोलीला आला. खुर्ची दिली तरी खाली सतरंजीवर बसला. मला बरं वाटलं. मग मोबाईल काढून त्यानं एका म्हाताऱ्याचा काळापांढरा फोटो दाखवला.

"हे माझे गुरुजी," तो म्हणाला. "सस्पेन्स पिक्चरचे राजे. मी जन्मलो बी नव्हतो, तेव्हाच वारले."

"मंग गुरुजी कसे झाले बाप्पा?"

"त्यायचे पिक्चर पाहून पाहून. आता मले एक पिक्चर त्यायच्यासारखा काढायचा आहे, मावशी. त्यायले नमस्कार म्हणून."

आमच्या लाइनीतही लोक असेच कोणाकोणाला गुरू करून ठेवतात, म्हणून मला ते नवं नव्हतं. मग तो मला समजावून सांगायला लागला. "दार उघडलं अन् मांगं खुनी दिसला, तर लोकं एकदा दचकतात. झालं. पण दारामांगं तो उभा आहे हे लोकांले आधीच दाखवून ठेवलं, अन् बाई गाणं म्हणत म्हणत दाराकडे जाऊन राहिली, तर? लोकांचा जीव मुठीत येते का नाही?"

मला हसूच फुटलं. "अरे, आमची लोकं जीव मुठीत धरून बसत नाहीत. उठून उभी राहतात. 'अवं बाई, मांगं पाह्य, मांगं हाय तो!' म्हणून बोंबलतात. एकदा व्हिलननं माह्या झिंज्या धरून ओढलं, तर बायांनी स्टेजवर चढून त्याले चपलीनं हाणलं. त्याचा कान सुजला होता बिचाऱ्याचा."

तो हसला नाही. पिक्चरची गोष्ट त्यानं थोडक्यात सांगितली. मिलवाल्याची बाई, म्हणजे मी, एक खून पाहते. खुनी तिला मारायला भरदिवसा मिलमध्ये येतो. बाहेर अंगणात गावच्या बाया धान वाळवत, तांदूळ पाखडत बसलेल्या असतात. त्या सगळ्या पाहतात. एकही उठत नाही आणि एकही कधी बोलत नाही. खुन्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. हात दिसतो, बूट दिसतात, भिंतीवर सावली दिसते. त्याच्या गुरुजींची तशीच पद्धत होती म्हणे.

त्या उन्हाळ्यात माझी भाची माझ्याकडे होती. लहान बहिणीची पोरगी. लाखांदूरकडच्या एका गावात दिली होती. धानाची शेती, ट्रॅक्टर, सिमेंटचं घर, सगळं पाहूनसवरून दिली होती. एप्रिलच्या अखेरीस ती बसमधून उतरून माझ्या दारात आली, तेव्हा तिनं पदर डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढला होता. मी पदर बाजूला केला आणि माझ्या हातातली परात खाली पडली. ओठ फाटलेला. समोरचा दात अर्धा. दंडावर पाच बोटं जशीच्या तशी उमटलेली. पाठीवर पट्ट्याचे वळ, आणि एका वळाच्या टोकाला बक्कल रुतून मांस निघालेलं. काहून मारलं, तर भाजीत मीठ कमी. त्याच्या आधी काहून, तर माहेरचा फोन आला होता. त्याच्या आधी काहीच नाही. त्याला कारण लागत नव्हतं. हात शिवशिवला की झालं.

बहिणीच्या घरी बैठक बसली. दोन्हीकडचे पुरुष सतरंजीवर, चहाचे कप फिरताहेत, आणि जिच्यासाठी बैठक, ती आत चुलीजवळ. जावयानं हात जोडले. "चुकलं माहं. आता नाही होणार." झालं, पोरीच्या बापानं डोळे पुसले, आणि ठरलं की उन्हाळी धान निघालं की जावई येऊन पोरीला घेऊन जाईल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दारात उभी राहून मी म्हटलं, "तुम्ही पोरगी नाही, मयत पाठवून राहिले." जावयाचा काका कप खाली ठेवून म्हणाला, "नाटकातल्या बाईनं संसाराच्या गोठीत पडू नये, बाई." माझी बहीण मूग गिळून बसली. मी पोरीची पिशवी उचलली, तिचा हात धरला आणि साकोलीची बस पकडली.

ती परत गेली असती तर जिवंत आली नसती, हे मला स्वच्छ दिसत होतं. पिक्चरचं काम आलं तेव्हा मी बहिणीला फोनवर ठोकून दिलं, की पोरीलाही काम आहे, पिक्चर संपेपर्यंत तिला हलता येणार नाही. तेवढ्या वेळात तिला आमच्या नाटक कंपनीत कपडेपटावर चिकटवायची, असं माझ्या मनात होतं. शिवण तिला चांगलं येत होतं. एकदा पायावर उभी राहिली की मग मी पाहते कोण माईचा लाल तिला नेते.

आणि झालं असं, की माझं खोटं खरंच ठरलं. दिग्दर्शकाला माझ्या बदली एक बाई पाहिजेच होती. माझी गुडघेदुखी, मला जमिनीवर आपटायचं कसं? पोरीची अंगकाठी माझ्यासारखी. मागून पाहिलं तर बहिणी वाटाव्या. मग दोघींनाही सारखीच हिरवी, लाल काठाची साडी नेसवली. तोंड माझं, मार तिचा, असं ठरलं. नकली मार, रबराचा दांडा. पहिल्या दिवशी मेकअपवाला तिच्या बाह्या वर सारायला गेला आणि थबकला. "हे कोणी केलं? भारी काम आहे," तो म्हणाला. दिग्दर्शकही वाकून पाहायला लागला. "एक नंबर! पिवळं, निळं, सगळं बरोबर."

"मेकअप नोहे ते," पोरगी म्हणाली.

मेकअपवाला कापसाचा बोळा हातात घेऊन उभाच राहिला. दिग्दर्शक अडखळत म्हणाला, की तुमची हरकत नसेल तर, म्हणजे, जवळून घेऊ का? मी त्याच्या अंगावर धावणारच होते. पण पोरीनं मला मागे ओढलं. "घेऊ दे, मावशी. फुकट तरी नाही गेलं मंग." असं म्हणून ती हसली, अर्ध्या दातानं. त्या हसण्याला मी काय म्हणू? मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

अंगणातल्या बाया मिलच्या गावातल्याच होत्या. घरचंच धान त्या तिथं वाळवत होत्या, त्यामुळे त्यांना नवीन असं काही करायचं नव्हतं. सूप घेऊन बसायचं आणि पाहायचं. पहिल्याच दिवशी खुनी आला, पोरीला ओट्यावरून खाली ओढलं, रबराचा दांडा उगारला, आणि सगळ्या बाया सुपं फेकून उठल्या. सगळ्यांत पुढे एक बुडगी. पांढरे केस, पाठीला बाक, पण चपळ किती! तिनं चप्पल काढून त्या नटाच्या टाळक्यात अशी हाणली, की तो मटकन खाली बसला. "मुडद्या, बाईच्या जातीवर हात उचलते? तुह्या हाताले किडे पडो!" दुसरीनं त्याची कॉलर धरली, तिसरीनं बोचकारलं. त्याच्या गालावर रक्त आलं. खरं रक्त. पिक्चरचं रक्त साखरेच्या पाकाचं होतं, त्याला मुंग्या लागायच्या.

मी हसून हसून बेजार. पोरगीही हसली. माझ्याकडे आल्यापासून पहिल्यांदा पोट धरून हसली. पण दिग्दर्शकानं कपाळ धरलं.

"आजी, हे नाटक नाही. पिक्चर आहे. तुम्ही उठायचं नाही."

"मंग काय पायत राहाचं आमी?"

"हो. पाहत राहायचं. तेच तुमचं काम आहे."

"अन् त्यानं तिले मारून टाकलं तं?"

"मारू द्या."

बुडगीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की मी असते तर जमिनीत गेले असते. पण तो हट्टाला पेटला होता. त्याच्या पिक्चरचा सगळा जीवच त्या न उठण्यात होता. पुन्हा शॉट लावला, पुन्हा दोघीतिघी उठल्या. पुन्हा लावला, बुडगी एकटी उठली. मग त्यानं एका सहायकाला शिटी देऊन बायांच्या पुढ्यात उभं केलं. कोणी ढुंगण हलवलं की तो शिटी फुंकायचा आणि सगळ्या खाली बसायच्या. जी उठेल तिला उद्या बोलावणार नाही, असंही सांगितलं. बायांना अंदाज येऊ नये म्हणून रोज नवा खुनी यायचा. कधी उंच, कधी जाडा, कधी टकला. खरा कोणता ते दिग्दर्शकालाच माहीत. बाया आपसात पैजा लावायच्या. "आजचा नसंल वं, याचे पाय पाह्य कसे फेंगडे." हळूहळू त्यांना त्याची गंमत वाटायला लागली. आणि हळूहळू त्या बसायला शिकल्या. पोरीला ओढलं, आपटलं, लाथा घातल्या, तरी हात सुपावर आणि डोळे समोर. शेवटी बुडगीसुद्धा बसली. दिग्दर्शकानं टाळ्या वाजवल्या. त्यानं सगळ्यांना थंडा पाजला.

उन्हाळी धान निघालं होतं. हे मला माहीत होतं, कारण ते समोरच अंगणात वाळत होतं. बहिणीचे फोन येत होते, मी उचलत नव्हते. दारामागं कोण उभं आहे ते मला माहीत होतं, पोरीलाही माहीत होतं. आम्ही दोघी गाणं म्हणत त्याच दाराकडे चाललो होतो.

त्या दिवशी दुपारी बायांच्या चेहऱ्यांचा शॉट होता. फक्त चेहरे. कॅमेरा त्यांच्याकडे तोंड करून, म्हणजे ओट्याकडे पाठ करून उभा. शिटीवालाही बायांकडे तोंड करून. दिग्दर्शक आत मिलच्या ऑफिसात छोट्या टीव्हीसमोर, कानाला हेडफोन लावून. त्यानं बायांना आधी सांगितलं होतं, "आज काय होणार ते मी सांगणार नाही. काहीही झालं तरी उठायचं नाही." मला ओट्यावरच्या लोखंडी खांबाला बांधलं होतं, कारण माझं काम ओरडायचं होतं, आणि पुढचा शॉट माझा होता. मनगटावर खरे वळ दिसावे म्हणून नायलॉनची दोरी करकचून आवळली होती. पोरीला काम नव्हतं. ती हिरवी साडी तशीच नेसून ओट्याच्या पायरीवर पाणी पीत बसली होती.

जावई बाजूच्या फाटकातून आला. फाटकावरच्या माणसानं त्याला गमतीनं विचारलं म्हणे, "काय भाऊ, आजचा खुनी तू का?" आणि तो म्हणाला, "हो." हे आम्हाला नंतर कळलं.

"अॅक्शन" झालं. मी ओरडायला सुरुवात केली. "वाचवा, अरे कोणीतरी या!" आणि मान वळवली, तर तो पायरीशी. पोरीनं त्याला पाहिलं. ओरडली नाही ती. तिनं नुसता पाण्याचा ग्लास बाजूला ठेवला. त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि तिला पायऱ्यांवरून खाली ओढलं, अगदी रोज ओढायचे तसंच. तोंडावर लाथ घातली. दुसरी पोटात. ती धानावर कोलमडली, धान उडालं. तो काही बोलत नव्हता. घरी मारतानाही बोलत नसे, असं तिनं मला सांगितलं होतं.

मी किंचाळले. "अवं, खरं हाय हे! नवरा हाय तो तिचा! उठा ना वं! मारून राहिला पोरीले!" बाया माझ्याकडे पाहत होत्या. एकीनं पदर डोळ्याला लावला. दुसरीचे ओठ थरथरत होते. आणि त्या बसून राहिल्या. मी ही त्यांची झाडीपट्टीची नटी. माझ्या रडण्यावर त्यांनी मंडईत किती पदर ओले केले असतील! आजही मी झकास रडत होते. मी दोरीला हिसके देत होते, कातडं सोलून निघालं, दोरी ओली झाली, पण सुटली नाही. शिटीवाला माझ्याकडे पाठ करून उभा होता. कोणी उठत नाही ना, एवढंच तो पाहत होता.

धान पसरायचं लाकडी दाताळं तिथंच पडलं होतं. त्यानं ते उचललं. पहिला घाव पाठीवर बसला. दुसरा खांद्यावर, आणि हाड मोडल्याचा आवाज मला ओट्यावर आला. पोरगी हातावर रांगत बायांकडे सरकत होती. बायांकडेच, माझ्याकडे नाही. त्या जवळ होत्या ना. तिनं एक हात पुढे केला. समोरच्या बाईचं सूप तिच्या बोटांपासून हातभर लांब असेल. तिसरा घाव डोक्यावर यायचा, तेवढ्यात तिनं मान वर केली आणि दाताळ्याचा दात तिच्या डाव्या डोळ्यात गेला.

ती तेव्हा ओरडली. तसं ओरडणं मला आयुष्यभर स्टेजवर जमलं नाही, आणि देव करो, कधी न जमो.

तो थांबला. दाताळं टाकून दिलं. धापा टाकत म्हणाला, "चाल घरी." मग वाकून त्यानं पायरीखालच्या तिच्या चपला उचलल्या, एका हातात धरल्या, आणि दुसऱ्या हातानं तिच्या दंडाला धरून उठवायला लागला. दोनदा म्हणाला, "चाल. उठ. चाल घरी."

बुडगी उठली. बाईच्या चपला हातात घेऊन उभा राहिलेला खुनी तिनं त्या दिवसांत पाहिला नव्हता, असं ती नंतर मला म्हणाली. शिटी वाजली. बुडगीनं शिटीवाल्याच्या छातीत कोपर हाणलं आणि ती धावली. मग सगळ्या धावल्या. पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण बायांच्या मधे तो दिसतच नव्हता. सुपांचे, चपलांचे, दगडांचे आवाज येत होते. त्याचे शब्द ऐकू येत होते, मग शब्द थांबले. एकीनं तेच दाताळं उचललं होतं. त्याच्या हाताचं मनगट उलटं वळलेलं मी पाहिलं. आणि मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? मी बांधलेली होते, नाहीतर पहिला हात माझा असता.

दिग्दर्शक ऑफिसातून पळत बाहेर आला. त्याच्या तोंडावर हसू होतं. "कट! कट! एक नंबर, मावशी! हे चेहरे..." आणि मग त्याला अंगण दिसलं. तो तिथंच ओकला.

साकोलीच्या दवाखान्यातून तिला भंडाऱ्याला नेलं, तिथून नागपूरला. डोळा गेला. खांद्यात सळई टाकली. जावई वाचला, मनगट मोडलं, बरगड्या मोडल्या, केस लागली, आत जाऊन आता जामिनावर बाहेर आहे. बैठकीतले पुरुष दवाखान्यात आले, कॉटच्या बाजूला रांगेत उभे राहिले. जावयाचा काका नव्हता. पोरीच्या बापाचं तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "आता संसाराच्या गोठीत मी पडली, भावजी. तुम्ही घरी जा." ते गेले. पोरगी माझ्याकडे राहिली. परत पाठवायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. सुटली एकदाची, पण डोळा देऊन सुटली. ज्या दिवशी बैठक बसली, त्या दिवशी ती दोन डोळ्यांनी सुटू शकली असती. हे आठवलं की आजही माझं डोकं सणकतं.

काही महिन्यांनी दिग्दर्शक आला. दाढी वाढलेली, पुन्हा खाली बसला, पण या वेळी मान वर करत नव्हता. कॅमेरा शेवटपर्यंत चालू होता, हे त्यानं सांगितलं. बायांचे चेहरे त्यात आले होते. दुसरं काही नाही, फक्त चेहरे. पिक्चरमधून तो भाग काढून टाकतो, म्हणाला. तसं विचारायलाच तो आला होता.

पोरगी मशीनवर कंपनीचं एक लुगडं शिवत होती. सुई ओवायला तिला अजून वेळ लागायचा. धागा तोडून ती म्हणाली, "ठेवा."

"नक्की?"

"ठेवा म्हटलं ना."

मी तिला नंतर विचारलं काहून म्हणून. ती सुईत धागा ओवायला लागली.

पिक्चर पूर्ण झाला. नागपुरात लागला, पेपरात चांगलं छापून आलं. त्या बायांच्या चेहऱ्यांबद्दलच जास्त छापून आलं. गावच्या बायांकडून असा अभिनय कसा काय करून घेतला, म्हणून लोकांनी त्याला विचारलं म्हणे. त्यानं काय सांगितलं ते मला माहीत नाही. पुढच्या मंडईला मिलच्या गावानं ठरवलं, की यंदा नाटकाऐवजी आपल्या गावचा पिक्चर दाखवायचा. मांडव घातला, पांढरा पडदा ताणला, दिवस मावळताच सुरू केला. आम्हा दोघींना पुढं बसवलं. आमच्याच रांगेत त्या सगळ्या बाया, नव्या लुगड्यांत, मधोमध बुडगी. पोरगी माझ्या डाव्या हाताला बसली. तशी ती नेहमीच बसते, म्हणजे मी तिच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला येते.

पिक्चर चांगला होता. मला राग आला, पण चांगला होता. सावल्या, बूट, मिलच्या जिन्यावरून खाली येणारा हात. बाया स्वतःला पाहून आधी लाजल्या, एकमेकींना कोपरखळ्या मारल्या. मग खुनी हळूहळू ओट्याकडे यायला लागला, आणि मागच्या पोरी ओरडल्या, "मांगं पाह्य वं बाई! मांगं हाय!" खुन्यानं हिरव्या साडीला पायऱ्यांवरून ओढलं. मांडवातून एक चप्पल येऊन पडद्याला लागली. लोक हसले. आमच्या रांगेत कोणी हसलं नाही.

मग ते चेहरे आले. भल्लेमोठे, एकामागून एक. पदर डोळ्याला लावलेली. ओठ थरथरणारी. सुपावर हात घट्ट धरून बसलेली बुडगी. माझा आवाज येत होता, "उठा ना वं! मारून राहिला पोरीले!" त्यानं तोही ठेवला होता. पडद्यावर कोणी हलत नव्हतं.

बुडगी उठली. हळूच, गुडघ्यावर हात टेकून. तिच्या बाजूची उठली. मग सगळी रांग उठली. त्यांच्या सावल्या पडद्यावर पडल्या, त्यांच्याच चेहऱ्यांवर. मागून लोकांनी गलका केला, "बसा वं, बसा, दिसत नाही!" त्या बसल्या नाहीत. कोणी रडत नव्हतं. नुसत्या उभ्या होत्या, हात खाली सोडून.

पोरगी जागची हलली नाही. मान जरा वर करून तिनं बुडगीकडे पाहिलं.

"आता काहून उठून राहिल्या, आजी?"

पिक्चर संपून दिवे लागेपर्यंत बुडगी तशीच उभी होती. मग आली, पोरीच्या पुढ्यात वाकली, खुर्चीखालच्या तिच्या चपला उचलून पदरानं पुसल्या आणि तिच्या पायांजवळ ठेवल्या. पोरीनं त्या बराच वेळ पायात घातल्या नाहीत.